तिऱ्हाईताचा दिवा : पेणचं पासिंग आणि रोह्याची दुचाकी



आजच्या विषयाचे नाव कळल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला. म्हणाला, "सर, आयुष्यभर कांट आणि शंकराचार्य शिकवलेत, आणि आता मोटारसायकलचं पासिंग?" आम्ही म्हटले, ऐकायला ये, मग बोलू. तो आज ऐकत असेल, तर त्याला उत्तर मिळावे अशी आमची इच्छा आहे.

सुरुवात एका प्रसंगाने करतो. काही वर्षांपूर्वी आमची शंभर सीसीची मोटारसायकल पंधरा वर्षांची झाली. पंधरा वर्षे झाली की खासगी दुचाकीच्या नोंदणीची मुदत संपते, आणि ती वाढवून घ्यायला गाडी परिवहन कार्यालयात न्यावी लागते. लोक याला 'रिपासिंग' म्हणतात. रायगड जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला असले, तरी आमच्या एमएच-०६ गाड्यांचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय पेणला आहे. पनवेलकडच्या गाड्यांना एमएच-४६ क्रमांक आणि वेगळे कार्यालय मिळाले. रोहेकरांची वाट पेणचीच राहिली. नागोठणे, वडखळ करत एका बाजूने चाळीसेक किलोमीटर.

आम्ही तयारी केली होती हो! ऑइल बदलले, प्लग नवा घातला, कार्बोरेटर साफ करून घेतला. सीटचे कव्हरसुद्धा नवे. गाडी धुऊनपुसून पेणला नेली. मोटार वाहन निरीक्षक आले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ब्रेक दाबा." आम्ही दाबला. "सोडा. आता दिवा लावा." लावला. मग म्हणाले, "मागचा दिवा नाही, ब्रेकलाइट नाही. करून आणा."

आम्ही म्हणालो, "साहेब, गाडी एकदम छान चालते."

ते म्हणाले, "चालते हो. मागून दिसत नाही."

चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेला माणूस त्या दिवशी नापास झाला, आणि खरं सांगायचं तर निकाल बरोबर होता. आवाराबाहेर येऊन मिस्त्री शोधला. दिव्याचा बल्ब काही रुपयांचा. पण अर्थिंगची तार गंजून तुटली होती, ती नीट करायला अर्धा तास गेला. पुन्हा रांगेत बसलो. त्या वेळात आमच्यासारख्या परत पाठवलेल्या गाड्या आम्ही पाहात होतो, आणि एक गोष्ट लक्षात येऊ लागली. तीच आज सांगायची आहे. पण त्यासाठी आधी थोडा इतिहास पाहावा लागेल.

तुमच्यापैकी काहींची मुले परदेशात असतील. ती म्हणतील, मोटारसायकलची तपासणी तर दरवर्षी असते. ब्रिटनमध्ये तसे आहे. तिथे १९६० साली, अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना, दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी सक्तीची तपासणी सुरू झाली. ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच पाहायचे. इतक्या गाड्या नापास झाल्या, की पुढच्याच वर्षी दहाची मर्यादा सातवर आणावी लागली, आणि १९६७ मध्ये तीनवर. म्हणजे तिथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी परीक्षा.

आपल्याकडे खासगी दुचाकीला अशी वार्षिक परीक्षा नाही. ती का नाही, हे समजायला आपल्या कायद्यांचा प्रवास पाहू.

हिंदुस्थानातला पहिला देशव्यापी मोटार कायदा १९१४ चा. गाडीची नोंद करा आणि चालवणाऱ्याने परवाना घ्या, हा त्याचा गाभा. त्या काळी आपला कुलाबा जिल्हा म्हणजे खाड्या, मिठागरे आणि बैलगाडीचे रस्ते. रायगड हे नाव जिल्ह्याला मिळाले ते थेट १ जानेवारी १९८१ रोजी. तेव्हा १९१४ च्या कायद्याचा पेण-रोह्याच्या सामान्य माणसाशी संबंध जवळजवळ नव्हताच.

दुसरा कायदा १९३९ चा. यात दोन गोष्टी आल्या आणि त्या दोन्ही आजच्या विषयाच्या मुळाशी आहेत. पहिली म्हणजे भाड्याने चालणाऱ्या गाड्यांना, बस-ट्रक-टॅक्सींना, योग्यतेचा दाखला सक्तीचा झाला. यालाच आपण 'फिटनेस' म्हणतो. खासगी गाडीला तो लागत नव्हता. दुसरी गोष्ट सक्तीच्या विम्याची. या कायद्याचे विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. त्यात सक्ती होती, आणि आजही आहे, ती 'थर्ड पार्टी' विम्याची. आपल्या मराठीत याला फार नेमका शब्द आहे: तिऱ्हाईत. तुमच्या गाडीचे नुकसान झाले, तर तो तुमचा प्रश्न, विमा घ्या अथवा घेऊ नका. पण रस्त्यावरच्या तिऱ्हाईताला इजा झाली, तर त्याची सोय आधीच केलेली असली पाहिजे.

आता गंमत बघा. विम्यात कायद्याने तिऱ्हाईताला पुढे आणले. तपासणीत मात्र फक्त भाड्याच्या गाडीतल्या प्रवाशाची काळजी घेतली. खासगी गाडी तपासायची नाही, यामागे एक गृहीतक असावे असे आम्हाला वाटते: आपल्या जिवाची काळजी माणूस स्वतःच घेतो, मग आपली गाडी तो आपोआप नीट ठेवील. स्वहितावर विश्वास टाकणारा हा विचार आहे, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. तो कुठपर्यंत पुरतो, हे मात्र पाहायला हवे.

तिसरा कायदा १९८८ चा, अंमल १ जुलै १९८९ पासून. हाच आज लागू आहे. याने खासगी गाडीच्या नोंदणीला १५ वर्षांची मुदत घातली, आणि जुन्या कायद्याखाली नोंदलेल्या गाड्यांनाही ती लागू केली. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत पंचवीस नंबरचा अर्ज भरायचा, गाडी दाखवायची, योग्य ठरली तर पुढची पाच वर्षे मिळतात. मग दर पाच वर्षांनी पुन्हा. दुचाकीच्या या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. महाराष्ट्रात शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो.

भाड्याच्या गाडीचे वेगळे. तिला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. गोव्यात काळी-पिवळी मोटारसायकल चालवणारे पायलट तुम्ही पाहिले असतील. ती मोटारसायकल कायद्याच्या नजरेत टॅक्सी, म्हणून तिला ही परीक्षा आहे. तसलीच गाडी रोह्यात एखाद्या शिक्षकाच्या अंगणात उभी असली, तर तिला पंधरा वर्षे कोणी विचारत नाही.

नाही म्हणायला एक तपासणी अधूनमधून असते, पीयूसीची. गाडी वर्षाची झाली की धुराचा दाखला लागतो. जुन्या गाड्यांना तो दर सहा महिन्यांनी, बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना वर्षाने. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला धुरात साडेचार टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना साडेतीन टक्के. एअर फिल्टर चोंदला असेल, कार्बोरेटर जास्त पेट्रोल ओढत असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल जळत असेल, तर गाडी यात अडकते. ही तपासणी चांगलीच आहे, पण ती फक्त धूर मोजते. ब्रेक लागतो का, दिवा पेटतो का, हे ती विचारत नाही. म्हणजे पेण-रोह्याच्या खासगी मोटारसायकलची वार्षिक तपासणी कोणती म्हणाल, तर तिच्या श्वासाची. डोळ्यांची आणि पायांची थेट पंधराव्या वर्षी.

मग स्वहितावरचा तो विश्वास या पंधरा वर्षांत कितपत पुरतो? याचे उत्तर शोधायला गाडीचाच इतिहास पाहू.

आमच्या लहानपणी रोह्यात मोटारसायकली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मद्रासची एनफील्ड, म्हैसूरची जावा, पुढे राजदूत. १९७० च्या दशकात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी किनेटिकची लुना. या जुन्या गाड्या मालकाला सतत कामाला लावत. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइलचे माप टाकायचे. सकाळी किक मारून मारून घाम यायचा. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. स्कूटर आडवी कलंडवून सुरू करणारे गृहस्थ तुम्हाला आठवत असतील! यातून नकळत एक गोष्ट व्हायची. माणूस रोज गाडीभोवती फिरायचा. वाकायचा. मागचा दिवा फुटलेला असेल, तर तो दिसायचा तरी.

१९८५ मध्ये हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी-१०० आली. तेल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. जाहिरात खोटी नव्हती. खरोखरच गाडी विसरण्याजोगी झाली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि मग गावोगावी, वाडीवाडीवर दुचाकी पोहोचली. धाटावच्या एमआयडीसीत कामाला जाणारा कामगार, नागोठण्याचा दूधवाला, पेणच्या गणपती कारखान्यातला कारागीर, सगळ्यांना तिने पाय दिले. हे फार मोठे काम आहे, ते आम्ही कमी लेखत नाही. पण जी गाडी अडत नाही, तिच्याकडे आपण बघत नाही. भरवशाच्या गाडीबरोबर विसरणेही घरात आले.

आता पेणच्या आवारात परत येऊ. तिथे आमच्या डोळ्यांसमोर ज्या कारणांसाठी गाड्या परत गेल्या, ती एकेक करून सांगतो. यातली बहुतेक तुमच्याही गाडीत सापडतील.

पहिले कारण दिवे. मागचा दिवा, ब्रेकलाइट, इंडिकेटर, मागचा लाल रिफ्लेक्टर. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, एक दिव्याची आणि एक ब्रेकची. खड्ड्यांच्या हादऱ्याने एक तुटली तरी दुसरी चालू असते, म्हणून कळत नाही. त्यात आपले कोकण. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि खाडीची खारी हवा. तारांची टोके हिरवी पडतात, अर्थिंग गंजते. पुढचा दिवाही कित्येक जुन्या गाड्यांत इंजिनाच्या गतीवर चालतो. वेग कमी केला की दिवा मिणमिणतो.

दुसरे कारण ब्रेक. ड्रम ब्रेकचे लायनर झिजतात, केबल ताणते, पायातल्या ब्रेकची खेळ दोन-तीन सेंटिमीटरच्या पलीकडे जाते. आपल्याकडे बरेच जण पुढचा ब्रेक वापरतच नाहीत, गाडी उलटेल या भीतीने. न वापरल्यामुळे त्याची केबल आतून गंजून आखडते, आणि मग खरोखर गरज पडते तेव्हा तो लागत नाही.

तिसरे टायर. दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली निदान ०.८ मिलिमीटर असावी असा नियम आहे. नक्षीच्या फटीत झिजेची खूण म्हणून रबराचा छोटा उंचवटा असतो. टायर त्याच्या पातळीला आला की संपला. मागचा टायर पुसला की काही जण तोच पुढे घालतात. पावसात पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळ मिळत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

चौथे हँडल आणि शॉकअब. मुंबई-गोवा महामार्गाचे पनवेल ते इंदापूर हे काम २०११ पासून किती रखडले, ते तुम्हाला सांगायला नको. पेण-नागोठणे-कोलाड हा त्यातलाच पट्टा. त्या खड्ड्यांनी हँडलचा कोनसेट खातो, शॉकअबचे सील फुटून ऑइल गळते. गाडी एका बाजूला ओढते, आणि मालकाला सवय होते. तो नकळत हँडल किंचित वळवून धरतो आणि म्हणतो, गाडी सरळ चालते.

पाचवे कारण मालकाच्या हौसेचे. आकड्यांना वळणे देऊन 'दादा' वाचता येईल अशी नंबरप्लेट, फटाके वाजवणारा सायलेन्सर, कर्कश हॉर्न, दिसायला वाईट म्हणून काढून टाकलेले आरसे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाल्याने प्लेटची हौस आता बरीच आवरली आहे. आणि एक वस्तू खास आपल्या देशाची: मागच्या चाकाजवळची साडीची जाळी. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा हवी, असे आपला नियम सांगतो. तरुण मुले ती जाळी पहिल्याच आठवड्यात काढून ठेवतात.

सहावे कारण चेसिस नंबर. अर्जावर त्याची पेन्सिलने छाप घ्यावी लागते. खाऱ्या हवेने नंबरावर गंज चढलेला असतो, आणि छाप काही उठत नाही. एक गृहस्थ रॉकेलच्या बोळ्याने तासभर आपल्या गाडीची ओळख घासून काढत बसले होते.

इथे आमच्यातला मास्तर जागा झाला, माफ करा. पंधरा वर्षांत त्या गाडीची चाके बदलली, टाकी बदलली, सीट बदलली, साखळी तर तीनदा. मग ती 'तीच' गाडी कशी? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला रथाविषयी हाच प्रश्न विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, की दांडी म्हणजे रथ? सगळे भाग मिळून आपण त्याला रथ म्हणतो, एवढेच उत्तर उरते. ग्रीकांनी थिसियसच्या जहाजावर हाच वाद घातला. कायद्याला इतका वेळ नाही. तो म्हणतो, चेसिसवरचा आणि इंजिनावरचा नंबर जुळला की गाडी तीच. का? कारण उद्या अपघात झाला, तर ही गाडी कोणाची हे तिऱ्हाईताला शोधता आले पाहिजे. म्हणजे ओळखसुद्धा मालकासाठी नाही. आपल्या गाडीची ओळख पटवायला मालकाला नंबर लागतच नाही. तो अंधारातही हाताने चाचपून सांगेल.

आता ही सगळी यादी एकदम डोळ्यांसमोर आणा, आणि तिच्यात काय नाही ते बघा. बंद पडलेले इंजिन नाही. तुटलेली क्लच केबल नाही, पंक्चर नाही, चोंदलेला कार्बोरेटर नाही. का नाही? कारण या गोष्टी बिघडल्या की गाडी थांबते, आणि गाडी थांबली की आपण त्याच दिवशी दुरुस्त करतो, उसने पैसे घेऊन का होईना. स्वहित इथे पुरते. कायद्याचे गृहीतक इथे खरे ठरते.

पण मागचा दिवा गेला म्हणून गाडी थांबत नाही. ब्रेकलाइट, इंडिकेटर, आरसा, रिफ्लेक्टर, साडीची जाळी, यातली एकही गोष्ट गेल्याने कामावर पोहोचायला उशीर होत नाही. त्या आपल्यासाठी नाहीतच मुळी. दिवा मागून येणाऱ्यासाठी, इंडिकेटर शेजारून जाणाऱ्यासाठी, जाळी मागे बसलेल्या आईसाठी किंवा बायकोसाठी. ब्रेक आणि टायर दोघांसाठी. पण त्यांची झीज इतकी सावकाश होते, की आपली सवयही तितक्याच सावकाश तिच्याशी जुळवून घेते. नापास होण्याच्या कारणांची यादी म्हणजे, मंडळी, आपल्याला न अडवणाऱ्या गोष्टींची यादी. आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी तिऱ्हाईताच्या मालकीच्या आहेत.

हे फक्त कोकणातले नाही. ब्रिटनमध्ये साठ-पासष्ट वर्षे वार्षिक तपासणी आहे, रस्ते आणि हवा वेगळी आहे, तरी तिथेही मोटारसायकली सर्वांत जास्त नापास होतात त्या दिव्यांच्या कारणावरून. ब्रेक आणि टायर त्यानंतर. तेव्हा दोष कोकणी माणसाचा नाही. माणसाच्या लक्ष देण्याच्या रीतीतच तो आहे.

आपल्या नियमकर्त्यांनीही हे कधीतरी ओळखले असावे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, भर दुपारीसुद्धा. तेव्हा किती तक्रारी झाल्या! "दादा, दिवा चालू राहिलाय" असे रस्त्यावरचे लोक हातवारे करून सांगत. काहींनी वायरिंगमध्ये बटण बसवून तो बंद करून घेतला. दुपारी दिवा कशाला, मला तर सगळं दिसतंय, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असे, की तो दिवा समोरच्याला तुम्ही दिसावेत म्हणून आहे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, सर, दिवसाची मजुरी बुडवून रोह्याहून पेणला जायचे, फी आणि कर भरायचा, एका बल्बसाठी परत फिरायचे, यात गरीब माणूस भरडला जातो. तिऱ्हाईताच्या गप्पा तुम्हाला सोप्या आहेत. खरे आहे. आवारात आमच्या शेजारी बसलेल्या एका माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता. आमची पेन्शन काही बुडाली नव्हती. म्हणून दरवर्षी सगळ्यांना पेणला बोलवा असे आम्ही म्हणणार नाही.

पण त्याच आक्षेपाची दुसरी बाजू पाहा. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्यातले किती जण न लागलेल्या दिव्यामुळे गेले, हा हिशेब आम्ही मांडत नाही. वेग, दारू, हेल्मेट, रस्ते, कारणे पुष्कळ. आम्हाला एवढेच दिसते की मरणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याचा रोज बुडाला होता. तिऱ्हाईत म्हणजे कोणी मोठा मोटारवाला नव्हे. धाटावची पाळी संपवून रात्री सायकलवरून घरी जाणारा कामगार हा तिऱ्हाईत. आणि मागून ट्रक येत असेल, तर त्या ट्रकवाल्याच्या दृष्टीने तिऱ्हाईत आपण स्वतः.

पंधरा वर्षांची परीक्षा फार उशिरा येते, असे आमचे मत झाले आहे. पण ती लवकर घ्यायला कायद्याची वाट कशाला पाहायची? दर महिन्याच्या एक तारखेला गाडी घराच्या भिंतीकडे पाठ करून उभी करा. ब्रेक दाबा, भिंतीवर लाल उजेड पडला पाहिजे. आधी हाताचा ब्रेक, मग पायाचा, दोघांची बटणे वेगळी असतात. दोन्ही इंडिकेटर लावा. टायरच्या फटीतला उंचवटा बोटाने चाचपा. पुढचे चाक उचलून हँडल हलकेच डावीउजवीकडे फिरवा, कुठे अडकते का बघा. पावसाळ्याआधी आणि नंतर मिस्त्रीला अर्थिंग साफ करायला सांगा, आणि चेसिस नंबरावर थोडे ग्रीस लावून ठेवा. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. पेणला जायचे झाले, तर आदल्या आठवड्यात हेच करा म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही.

शेवटी एक कबुली देतो, मग थांबतो. पेणला नापास होण्याच्या काही महिने आधीची गोष्ट. पावसाळ्यातली तिन्हीसांज, आम्ही नागोठण्याहून रोह्याकडे येत होतो. मागून एका टेम्पोने करकचून ब्रेक मारला आणि आमच्या शेजारी येऊन थांबला. आतला तरुण पोरगा ओरडला, "काका, मागे दिवा तरी लावा की! दिसलाच नाहीत तुम्ही." आम्ही बटण पाहिले; ते चालू होते. आम्हाला वाटले, पोरगा उद्धट आहे, वेगात होता, आता आपली चूक आमच्यावर ढकलतो आहे. घरी येऊन आम्ही त्याच्याबद्दल काय काय बोललो, ते इथे सांगत नाही. एकदा गाडीच्या मागे जाऊन पाहावे, एवढे मात्र आम्हाला सुचले नाही.

पेणच्या निरीक्षकांनी "मागून दिसत नाही" म्हटले तेव्हा आम्हाला तो पोरगा आठवला. आमची तपासणी त्याने आधीच केली होती, तीही जीव धोक्यात घालून आणि फुकट. निकालही तोच सांगितला होता. त्याचे नाव आम्हाला माहीत नाही, चेहराही अंधारात नीट दिसला नव्हता. त्याची क्षमा मागायची राहिली आहे. ती आता भेटून मागता येणार नाही, म्हणून आम्ही दर एक तारखेला भिंतीवरचा लाल उजेड पाहतो.

आमच्या त्या विद्यार्थ्याला विषयाचे उत्तर मिळाले असावे. नसेल, तर त्याने आधी अंगणात जाऊन आपल्या गाडीचा मागचा दिवा पाहावा आणि मग फोन करावा.